ज्ञानबाजीचा नवा पट

पर्युषण पर्व जवळ आले, की आपल्या समाजातील जुन्या घरांतून एके काळी एक पट बाहेर निघत असे. कापडावर किंवा जाड कागदावर रंगविलेला, बहुधा ८४ घरांचा, शिड्यांनी आणि सापांनी भरलेला आणि माथ्यावर सिद्धशिला दाखविणारा हा पट म्हणजे ‘ज्ञानबाजी’ अथवा ‘ज्ञानचौपड’. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत राजस्थान-गुजरातेत असे अनेक पट रंगविले गेले आणि त्यांतील काही आज संग्रहालयांत जतन केलेले आहेत. कवड्या टाकायच्या, सोंगटी पुढे न्यायची. सद्गुणाच्या घरी शिडी मिळायची, दुर्गुणाच्या घरी साप गिळायचा. महाराष्ट्रात हाच खेळ ‘मोक्षपट’ म्हणून ओळखला गेला आणि परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वर माउलींशी जोडते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडला पोहोचला आणि कालांतराने त्यातील तत्त्वज्ञान गळून जाऊन मागे उरले ते केवळ साप आणि शिड्या.

कर्मसिद्धांतासारखा गहन विषय मुलांच्या हाती कवड्या देऊन शिकवावा, हे आपल्या पूर्वजांना सुचले होते. या गोष्टीचे महत्त्व मला वयाची साठी उलटल्यावर नव्याने उमगले. त्याला निमित्त झाले आमच्या घरी आलेल्या एका दुखण्याचे.

तीन वर्षांपूर्वी, आमची नात आठ वर्षांची असताना, तिला टाइप १ मधुमेह असल्याचे निदान झाले. सतत लागणारी तहान, वारंवार लघवी आणि महिनाभरात उतरलेले वजन एवढीच काय ती पूर्वसूचना. हा मधुमेह आपल्यासारख्या ज्येष्ठांना होणाऱ्या मधुमेहाहून वेगळा आहे. गोड जास्त खाल्ल्याने तो होत नाही आणि पथ्याने जातही नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. म्हणून बाहेरून इन्सुलिन देणे आयुष्यभर अपरिहार्य ठरते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील सव्वादोन लाखांहून अधिक मुलेमुली या आजारासह जगत आहेत. तेव्हा आपल्या संघात, आपल्या इमारतीत किंवा आपल्या नात्यात असे एखादे मूल असण्याचा संभव वाटतो तितका कमी नाही.

शंभर वर्षांपूर्वी या निदानाचा अर्थ मृत्यू हाच होता. डॉक्टर मुलाला जवळजवळ उपाशी ठेवून त्याचे आयुष्य काही महिने लांबवीत असत. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले आणि चित्र पालटले. त्यानंतर कित्येक दशके इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. आमच्यासारख्या घरात हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात निघणे स्वाभाविक होते. माझ्या पत्नीने तो डॉक्टरांना संकोचत विचारला. नातीला लिहून दिलेले इन्सुलिन जिवाणूंच्या साहाय्याने प्रयोगशाळेत तयार होते, त्यासाठी कोणत्याही पशूचा वध होत नाही आणि अशा मानवी इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्येच मान्यता मिळाली आहे, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. हा खुलासा मी मुद्दाम नोंदवीत आहे. कारण या एका शंकेपायी उपचाराबद्दल मनात किंतु बाळगणारी कुटुंबे मी पुढे पाहिली.

इन्सुलिनने मृत्यू टाळला. त्या बदल्यात रोजचा हिशेब मागे लावून दिला. काय खाणार, किती खाणार, खेळणार की बसणार, ताप आहे का, उद्या परीक्षा आहे का, या सर्वांचा मेळ घालून इन्सुलिनची मात्रा ठरवावी लागते. ती जास्त झाली तर साखर एकदम घसरते, हात कापतात, घाम फुटतो आणि वेळीच साखर दिली नाही तर शुद्ध हरपू शकते. ती कमी पडली तर साखर चढते, आणि इन्सुलिन मुळीच न मिळाल्यास काही दिवसांतच रक्तात आम्लता वाढून जीव धोक्यात येतो. डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास भेटतात. उरलेल्या सर्व तासांचे व्यवस्थापन आईवडिलांकडे आणि वय वाढेल तसे त्या मुलाकडेच येते. दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या उपचारातील खरी अडचण इथे आहे. दमा असो, मधुमेह असो की रक्ताचा कर्करोग असो, औषध उपलब्ध असते. ते दररोज, कंटाळा न करता घेण्याची बुद्धी आणि उमेद बाटलीत मिळत नाही.

त्यात घरातील मोठ्या माणसांच्या प्रेमाचेही ओझे होते. ग्लुकोमीटरवर आकडा उमटला, की चार बाजूंनी एकच प्रश्न येतो : “किती आली?” आकडा मोठा असला, की पुढचा प्रश्न ठरलेला : “काय खाल्लंस?” तपासणीच्या खोलीबाहेर बसलेल्या पालकांशी बोलताना मला कळले, की पुष्कळ मुले वहीत खोटे आकडे लिहितात. १८० लिहिले की आई शांत राहते आणि २८० लिहिले की घर गंभीर होते, एवढे गणित त्यांना चांगले समजते. माझी सारी नोकरी बँकेत गेली. पासबुकात शिल्लक कमी दिसली म्हणून कोणी नोंद बदलत नाही. नोंद खरी असेल तरच पुढचा निर्णय घेता येतो. पण खातेदाराला नोंदीचीच भीती वाटू लागली, तर तो पासबुक भरून घ्यायला येणेच बंद करतो. मुलांचे तेच होते. तेव्हा आकड्याची भीती जाईल आणि तरीही आकड्याचे गांभीर्य राहील, असा मार्ग हवा होता.

असा मार्ग जगात कोणी शोधला आहे का, याचा मी मुलाच्या मदतीने धांडोळा घेतला. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो आणि हिशेबी स्वभाव सहजी सुटत नाही. जे हाती आले त्याने मी चकित झालो.

अमेरिकेत १९९५ मध्ये मुलांच्या टीव्हीला जोडून खेळावयाच्या यंत्रासाठी ‘पॅकी अँड मार्लन’ नावाचा व्हिडिओ गेम निघाला. पॅकी आणि मार्लन हे दोन हत्ती मित्र, दोघांनाही मधुमेह. मधुमेही मुलांच्या उन्हाळी शिबिरात ते जातात, तर तेथील अन्नसामग्री आणि औषधे उंदीर-घुशींच्या टोळीने पळविलेली. ती परत मिळवता मिळवता खेळणाऱ्या मुलाने आपल्या हत्तीची साखर तपासायची, इन्सुलिन द्यायचे, योग्य आहार निवडायचा. हलगर्जीपणा झाला की हत्ती आजारी पडतो. याच सुमारास दमेकरी मुलांसाठी ‘ब्रॉन्की’ नावाच्या डायनोसॉरचा खेळ आला. त्यात धूळ आणि धूर टाळत, श्वासाचा जोर मोजत आणि वेळेवर औषध घेत पुढे जायचे असते.

हे खेळ बाजारात आणून लोक थांबले नाहीत. त्यांनी त्यांचा परिणामही तपासला. ‘पॅकी अँड मार्लन’वरील अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८ ते १६ वयोगटातील ५९ मधुमेही मुले होती. काहींना हा खेळ दिला आणि काहींना आजाराशी संबंध नसलेला साधा मनोरंजनाचा खेळ. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील मुले आईवडिलांशी आपल्या आजाराविषयी अधिक मोकळेपणाने बोलू लागली होती आणि स्वतःची काळजीही अधिक चांगली घेत होती. या दोन निष्कर्षांपैकी पहिला मला मोलाचा वाटतो. खेळाने मुलाचे तोंड उघडले. जे मूल ‘माझी साखर वाढली’ असे म्हणायला घाबरत होते, ते ‘माझ्या हत्तीची साखर वाढली’ असे सहज म्हणू शकले, आणि तेथून स्वतःविषयी बोलणे फार दूर राहिले नाही.

दुसरे उदाहरण कर्करोगाचे. अमेरिकेतील ‘होपलॅब’ या ना-नफा संस्थेने २००६ मध्ये ‘री-मिशन’ हा खेळ तयार करून रुग्णांना विनामूल्य दिला. यात रॉक्सी नावाची एक चिमुकली यंत्रकन्या रुग्णाच्या शरीरात शिरते आणि कर्करोगाच्या पेशींशी व जंतुसंसर्गाशी लढते. तिची शस्त्रे म्हणजे रुग्ण प्रत्यक्षात घेत असलेलीच औषधे. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील ३४ केंद्रांतील, १३ ते २९ वयाच्या ३७५ रुग्णांवरील अभ्यास २००८ मध्ये ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात आला. हा खेळ खेळणाऱ्यांनी गोळ्या अधिक नियमितपणे घेतल्या आणि आपण या आजाराला तोंड देऊ शकतो हा त्यांचा विश्वासही वाढला, असे त्यात आढळले. कर्करोगाच्या उपचारांत रुग्णालयातला भाग संपला, की घरी महिनोन् महिने गोळ्या घ्याव्या लागतात. बरे वाटू लागलेल्या तरुण मुलाला ती गोळी निरर्थक वाटते आणि तो ती टाळतो. ती गोळी शरीरात नेमके काय करते, हे त्याने खेळात स्वतःच्या हातांनी करून पाहिले, की तिचा अर्थ बदलतो.

हे वाचताना मला ज्ञानबाजीची आठवण झाली. क्रोध माणसाला खाली ओढतो हे प्रवचनात ऐकणे वेगळे आणि आपली वर चढलेली सोंगटी क्रोधाच्या घरी सापाच्या तोंडी जाताना पाहणे वेगळे. पटावरची घसरण कोणाला दुखवीत नाही. पुढच्या डावात आपण पुन्हा उभे असतो. जिथे चुकण्याची मुभा आहे तिथेच मूल मनापासून शिकते. साखरेच्या बाबतीत प्रत्यक्षात चुकण्याची मुभा फार थोडी आहे. म्हणूनच ती पटावर भरपूर असावी.

ते परदेशी खेळ आता जुने झाले आणि त्यांतील आहारही आपला नव्हे. त्यामुळे गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत मी आणि नात दोघांनी मिळून ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर आमचा पट आखला. घरे ८४ ठेवली, कारण तिला जुन्या पटाची गोष्ट आवडली होती. डॉक्टरांकडून आणि आहारतज्ज्ञ बाईंकडून मजकूर तपासून घेतला. नियम मात्र बहुतांशी तिने ठरविले, आणि ते ऐकताना या मुलीने तीन वर्षांत किती विचार केला आहे, हे मला प्रथमच समजले.

सापांना नावे देताना मी ‘लाडू खाल्ला’, ‘चॉकलेट खाल्ले’ अशी यादी सुचवली. ती म्हणाली, “दादाजी, लाडू म्हणजे साप नाही. लाडू मोजून, इन्सुलिन घेऊन खाल्ला तर चालतो. न मोजता खाल्ला तर साप.” मग तिने स्वतः नावे लिहिली : ‘ताप आला’, ‘परीक्षेची भीती’, ‘सुई टोचायची जागा बदलली नाही’, ‘खेळाच्या तासाआधी काही खाल्ले नाही’, ‘इन्सुलिन उन्हात राहिले’. यांतील निम्म्या गोष्टींत मुलाचा काहीच दोष नसतो. सर्व नियम पाळूनही साखर कधी कधी वाढते, हे तिला स्वतःच्या शरीरावरून ठाऊक होते. पटावरील सर्वांत लांब साप, जो ७९ व्या घरातून थेट ४ थ्या घरात आणतो, त्याचे नाव तिने ठेवले ‘ओळखीच्या काकूंनी सांगितले, इन्सुलिन बंद कर’. आम्ही सारे हसलो. पण हा साप खरा आहे. कारल्याचा रस, मेथ्या, कसले तरी चूर्ण यांच्या भरवशावर टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन थांबविणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

दुसरा नियमही तिचाच. सोंगटी सापाच्या तोंडी आली, की लगेच खाली जायचे नाही. आधी एक पत्ता उचलायचा. त्यावर प्रश्न असतो : ‘ताप आहे, जेवण जात नाही, इन्सुलिन बंद ठेवायचे का?’ ‘साखर २५० च्या वर आहे आणि पोट दुखून उलटी होते आहे; काय करशील?’ ‘मैदानावर जायचे आहे आणि साखर ९२ आहे, तसेच जाशील का?’ बरोबर उपाय सांगितला, की साप गिळत नाही. जुन्या पटावर कवड्या पडतील तसे जावे लागे. आमच्या पटावर दान दैवाचे, पण सापाच्या तोंडातून सुटका आपल्या हाती. धर्माच्या भाषेत याला पुरुषार्थ म्हणतात, हे मी तिला सांगितले.

याला जोडून ‘पंधराचा डाव’ नावाचा पत्त्यांचा खेळ तयार झाला. एक छोटा फुलका, साधारण अर्धी वाटी भात, एक लहान सफरचंद यांत प्रत्येकी सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके असतात. एक पेला दुधात सुमारे १२. हातातील पत्त्यांतून ठरलेल्या बेरजेचे ताट लावायचे. यात आपल्या घरांचे काही खास पत्ते आहेत, जे कोणत्याही परदेशी खेळात सापडणार नाहीत. आठम-चौदशीला हिरवी भाजी वर्ज्य असते. त्या दिवशी ताटात गट्टे, पापड, कढी, मुगाचे प्रकार येतात. म्हणजे भाजीच्या जागी डाळीचे पीठ आले, कर्बोदके वाढली आणि इन्सुलिनचा हिशेबही बदलला. तिथी पाहून मात्रा बदलावी लागते, ही गोष्ट आहारतज्ज्ञ बाईंनाही नवी होती. ‘आज चौदस’ हा पत्ता डावात निघाला, की सर्वांनी आपली ताटे पुन्हा मोजायची असा नियम आहे. त्रैराशिक शाळेत कंटाळवाणे वाटणाऱ्या मुलीची बेरीज आता माझ्या आधी होते.

या खेळाने आमच्या घरातला सर्वांत नाजूक प्रश्न सोडविला, तो चौविहाराचा. माझी पत्नी गेली चाळीस वर्षे सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाही. घरातील मुलांनाही तिने प्रेमाने तेच वळण लावलेले. टाइप १ मधुमेहात मात्र रात्री साखर ७० च्या खाली घसरली, तर त्याच क्षणी ग्लुकोज किंवा साखर द्यावी लागते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे लागते आणि गरज असेल तर पुन्हा द्यावे लागते. तिथे घड्याळ आणि सूर्य पाहून चालत नाही. हे तिला बुद्धीने पटत होते. पण हात अडखळत असे आणि रात्रीची ती जबाबदारी आपोआप सूनबाईंवर जाई. पटावर नातीने ४८ वे घर ‘सूर्यास्त’ म्हणून काळ्या रंगाने रंगविले आहे. तिथे आलेल्याने पत्ता उचलायचा : ‘रात्रीचे अकरा. साखर ६२. प्रथम काय?’ चातुर्मासभर दुपारच्या डावात त्या घरावर माझी पत्नी किती वेळा आली असेल आणि ‘प्रथम तीन चमचे ग्लुकोज’ हे उत्तर तिने नातीला किती वेळा दिले असेल, याची मोजदाद नाही. भाद्रपदातील एका रात्री सूनबाई माहेरी असताना मुलीला घाम फुटला. मीटरने ५८ दाखविले. मी डबा शोधत होतो, तोवर पत्नीने पाण्यात ग्लुकोज ढवळून तिच्या ओठांना लावलेही होते. पंधरा मिनिटांनी आकडा ८६ झाला. पत्नीने तोंडाने नवकार म्हणत वहीत दोन्ही आकडे वेळेसह लिहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे स्थानकात विराजमान महासतीजींकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, की आपल्या पच्चक्खाणांतच आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या आहेत. व्याधीने चित्ताची समाधी भंगण्याची वेळ आली, तर औषध घेता यावे यासाठीच ‘सव्वसमाहिवत्तिय’ हा आगार आहे. नियम सांगणाऱ्यांनी नियमाबरोबरच जीवाची काळजीही सांगून ठेवली आहे. आपण मात्र पुष्कळदा पहिला भाग पाठ करतो आणि दुसरा विसरतो.

त्याच वेळी नातीने मनात साठविलेला एक प्रश्न विचारला. संवत्सरीनंतर संघात तपस्वींचा सत्कार होतो. तिच्या वर्गातील एका मुलीने अठाई केली होती. तिची पालखी निघाली, तिला हार घातले गेले. “मला उपवास करता येत नाही. मग मी कधीच तपस्वी होणार नाही का?” अकरा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न ऐकून आम्हा दोघांना काय बोलावे सुचेना. महासतीजी म्हणाल्या, की तपाचे बारा प्रकार आहेत. सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. उपवास हा त्या बारांतील एक. विनय, सेवा, स्वाध्याय, ध्यान हीही तपेच आहेत आणि ती आभ्यंतर आहेत. मग त्यांनी तिला विचारले, दिवसातून किती वेळा सुई टोचून घेतेस? तिने बोटांवर मोजून सांगितले : इन्सुलिनच्या चार आणि तपासणीच्या सहा. “न रडता?” “आता रडत नाही.” महासतीजींनी एवढेच म्हटले, की समभाव यालाच म्हणतात. घरी येऊन तिने पटावर एक नवी शिडी काढली. ती ‘रोज दहा सुया’ या घरातून निघून सिद्धशिलेच्या बऱ्याच जवळ जाते.

या अनुषंगाने वाचकांपुढे एक विनंती ठेवावीशी वाटते. आजारी मूल पाहिले, की आपल्याकडे कोणी ना कोणी उसासा टाकून म्हणते, “काय करणार, पूर्वजन्मीचे कर्म!” बोलणाऱ्याचा हेतू सांत्वनाचा असतो. ऐकणाऱ्या मुलाला मात्र त्यातून एकच कळते, की मी काहीतरी वाईट केले म्हणून मला हे झाले. असातावेदनीय कर्माचा विचार हा स्वतःच्या मनाला धीर देण्यासाठी आणि स्वतःच्या वागण्यात जयणा आणण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या लेकरावर आरोपपत्र ठेवण्यासाठी नव्हे. जयणा म्हणजे प्रत्येक कृती जागेपणी, जपून करणे. ताट मोजून घेणारी, सुईची जागा बदलणारी, मैदानावर जाण्यापूर्वी स्वतःची साखर पाहणारी मुलगी दिवसभर जयणाच आचरीत असते. तिला कर्माची आठवण करून देण्याऐवजी तिच्याबरोबर एक डाव खेळावा, तो तिच्या अधिक उपयोगी पडेल.

खेळाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. खेळ हा उपचार नव्हे. पट मांडला म्हणून इन्सुलिनचे एक युनिटही कमी होत नाही आणि मात्रा ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचाच राहतो. आमच्या नातीची तीन महिन्यांची सरासरी कधी सुधारते, कधी पुन्हा वाढते. अंगाची वाढ होण्याच्या वयात ती चढउतार करणारच, असे डॉक्टर सांगतात. शिवाय खेळ जिंकण्या-हरण्याचा असला, की मुलाच्या आकड्यालाच बक्षीस देण्याचा मोह होतो. तो टाळावा. बक्षीस द्यायचेच असेल, तर ते तपासणी केल्याबद्दल आणि खरी नोंद लिहिल्याबद्दल द्यावे. आकडा चांगला यावा म्हणून बक्षीस ठेवले, की वहीत पुन्हा खोटे आकडे येतील. २०१० च्या सुमारास एका कंपनीने लहान मुलांसाठी खेळाच्या यंत्राला जोडता येणारा ग्लुकोमीटर बाजारात आणला होता. त्यातही नियमित तपासणीला गुण मिळत असत.

आमच्या घरापुरता जो बदल झाला, तो असा. वहीतील नोंदी आता खऱ्या असतात. २९० आले तर २९० लिहिलेले असते आणि शेजारी कारणही : ‘लग्नाचे जेवण, बासुंदी मोजली नाही.’ घरात कोणी “किती आली?” असे विचारीत नाही; “आता काय करायचे?” असे विचारतो, आणि बहुधा उत्तर तिच्याकडेच असते. शाळेत तिने स्वतः वर्गशिक्षिकेला सांगून दप्तरात ग्लुकोजचा डबा ठेवण्याची परवानगी घेतली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने तर २०१७ मध्येच दहावी-बारावीच्या मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत खाण्याचे पदार्थ जवळ बाळगण्याची मुभा दिली आहे. पालकांनी शाळेशी बोलताना याचा आधार घ्यावा.

आपल्या प्रत्येक संघात पाठशाळा आहे, उन्हाळ्यात शिबिरे भरतात, चित्र काढणारी मुले आहेत, निवृत्त शिक्षक आणि डॉक्टर आहेत. दमा, मधुमेह, थॅलेसेमिया, अपस्मार अशा आजारांसह जगणाऱ्या मुलांसाठी आपल्या आहाराशी, तिथींशी आणि भाषेशी जुळणारे पट पाठशाळेत तयार करणे फार खर्चाचे नाही. एक ड्रॉइंगचा कागद, रंग, कवड्या आणि मजकूर तपासून देणारा एक डॉक्टर एवढे पुरते. पट तयार करताना त्या आजारी मुलालाच मध्यभागी बसवावे आणि सापांची नावे त्याला ठेवू द्यावीत. निरोगी मुलांनीही तो खेळावा. म्हणजे वर्गात एखाद्या मित्राचे हात कापू लागले, तर त्यांना आधी साखर आणि मग शिक्षक आठवतील. आणि पुढच्या संवत्सरीला तपस्वींचा सत्कार होईल, तेव्हा वर्षभर न चुकता इन्सुलिन घेणाऱ्या किंवा दररोज इन्हेलर ओढणाऱ्या मुलामुलींनाही व्यासपीठावर बोलावून एक श्रीफळ द्यावे, अशी सर्व संघांच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र सूचना आहे.

आमच्या पटाची नक्कल ज्यांना हवी असेल, त्यांनी ती अवश्य करून घ्यावी. फक्त त्यातील सापांची नावे आपापल्या घरच्या मुलांना विचारून बदलावीत.

जय जिनेंद्र.